पाण्यात पडलेल्या मूसचं मांस

फेअरबँक्स,
ऑगस्टअखेर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात तुम्ही तिघं टानाना नदीवर मूसच्या, म्हणजे त्या प्रचंड हरणाच्या, शिकारीला जाताय म्हणून हे सविस्तर लिहितोय. फोनवर तू निम्मं ऐकतेस. नेमबाजीचं सांगत नाही, ती तुला येते. पुढचं काम त्याहून मोठं असतं.

जखमी मूस बऱ्याचदा पाण्याकडेच पळतो. त्यामुळे नर काठाला लागून उभा असेल तर थांबायचं. चरत चरत झाडीकडे पन्नास-साठ पावलं आत जाऊ दे. पोहत असलेल्या मूसवर गोळी झाडायला अलास्कात सर्वसाधारणपणे बंदीच आहे. बोटीतून झाडायची तर इंजिन बंद हवं आणि त्याच्या जोराने आलेली बोटीची गतीही थांबलेली हवी.

तरीही पडलाच पाण्यात, तर चाकू म्यानातच ठेव. आधी दोर. मूसचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे धूड बहुधा अर्धवट तरंगतं आणि प्रवाह ते ओढून खाली पडलेल्या झाडांच्या जाळ्यात नेऊन अडकवतो. शिंगांच्या बुडाशी दोर बांधायचा, दुसरं टोक लगेच काठावरच्या जिवंत झाडाला. मग दोराचा एक वेढा तोंडाभोवती घे, म्हणजे नाक पुढे राहतं आणि धूड केसांच्या दिशेने सरकतं, पाणी कमी अडतं. बोटीने ओढताना अगदी हळू, शक्यतो प्रवाहाबरोबर, आणि दोर तोडायला एक जण चाकू घेऊन तयार. वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून कमरेच्या वर पाण्यात उतरायचं नाही. लाइफ जॅकेट तर अंगावर हवंच.

उंच कापलेला काठ टाळा, उतरता वाळू-गोट्यांचा किनारा शोधा, थोडं खाली जावं लागलं तरी चालेल. मोठा नर सहाशे-सातशे किलोचा. पाण्यात तो दोघांना हलतो, पोट जमिनीला टेकलं की चौघांनाही हलत नाही. तिथून पुढे हाताने चालवायची विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) आणि कप्प्या. झाडाला बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलते, जोर वाचवत नाही. दुसरी कप्पी धुडाच्या बाजूला लाव आणि दोराचं टोक परत झाडाला आण, तेव्हा लागणारा जोर निम्मा होतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

पाण्यात पोट फाडायचा मोह होतो, पण फाडू नका. टानानाचं पाणी हिमनद्यांचं, पिठासारख्या गाळाने भरलेलं. तो गाळ मांसाच्या पदरांत शिरला की धुऊन निघत नाही, दाताखाली कचकचतो. त्यात आतड्यातली घाण मिसळली तर सगळीकडे पसरते. अगदीच वर येईना, तर पाण्याबाहेर राहिलेल्या बाजूनेच काम करा. कण्यावरून कातडं चिरून खाली दुमडायचं, त्याचाच स्वच्छ आडोसा होतो. पुढचा पाय आधी. पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, खांद्याच्या फळीमागचे स्नायू कापले की सुटतो. मग मांडी, खुब्याच्या वाटीतून. नंतर पाठीची पट्टी आणि मान. सुटलेला प्रत्येक भाग थेट काठावरच्या हातात किंवा बोटीतल्या ताडपत्रीवर, पाण्याला न लावता. वजन कमी झालं की धूड उलटवून दुसरी बाजू. बरगड्या आणि आतली मऊ पट्टी सगळ्यात शेवटी.

आता सगळ्यांची फसगत होते ती जागा. पाणी बर्फासारखं गार, म्हणजे मांसही गार झालं असणार, असं वाटतं. जाड कातडं आणि पोकळ केस आतली ऊब धरून ठेवतात, शिवाय पोटातलं अर्धवट पचलेलं खाद्य आंबत राहतं आणि त्याचीही उष्णता असते. खुब्याच्या सांध्याजवळचं मांस सगळ्यात उशिरा निवतं आणि नासतं तेही तिथूनच, हाडाला लागून. बाहेरून मांडी लालबुंद दिसते, आत आंबट वास. म्हणून मांडी सुटताच आतल्या बाजूने हाडाच्या रेषेत खोल चीर दे, वारा आत जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तिथे चाकू खुपसून वास घेऊन बघ.

मग कोरडं करणं. ओलं मांस लवकर चिकट होतं. गाळ किंवा घाण लागलेला भाग धुण्यापेक्षा पातळ तासून काढलेला बरा. धुवावंच लागलं तर स्वच्छ पाण्याने, आणि लगेच सुती फडक्याने टिपून. आडव्या ओंडक्यावर टांगा, वर ताडपत्री छपरासारखी, बाजू उघड्या. काही तासांत वर कोरडी साय धरते, ती माशांना आणि जंतूंना अडवते. लिटरभर पाण्यात साठ ते शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड (आईच्या ढोकळ्याच्या डब्यातलं नको, वेगळं आण) विरघळवून फवारलं तर आणखी बरं. पिशव्या सुती किंवा हवा खेळणाऱ्याच, प्लास्टिक अजिबात नाही. जादा पिशव्या घे, ओली झालेली बदलावी लागते. बोटीत मांसाखाली विलोच्या फांद्या पसर, गरम तुकडे एकावर एक रचू नका. टांगायची जागा आतड्यांच्या ढिगापासून शंभर मीटर तरी दूर आणि लांबून दिसेल अशी, अस्वलांमुळे.

कायदा मांसाच्या बाजूचा आहे. मान, सीना, बरगड्या, पाठ, पुढचे-मागचे पाय सगळं आणावं लागतं, आणि मांस बाहेर काढल्याशिवाय शिंगं हलवता येत नाहीत. काही युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) पाय आणि बरगड्या हाडासकटच आणायच्या असतात. फक्त नराचीच परवानगी असेल तर नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो. या वर्षीची नियमपुस्तिका जाण्याआधी वाच.

घरी आल्यावर सुमारे सव्वादोनशे किलो मांस हातात असेल. एक ते चार अंशांत पाच-सात दिवस टांगून ठेवलं की मऊ पडतं. मूसला चरबी फार कमी, म्हणून खिम्यात दहा ते पंधरा टक्के डुकराची किंवा बीफची चरबी घाल. फ्रीजर उणे अठरा अंशांवर, पुड्यांत हवा राहू देऊ नको.

बरण्यांत भरायचं तर आपला शिट्ट्यांचा कुकर चालत नाही. तो लहान असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो, आणि बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) बीजाणू मारायला जेवढा वेळ उष्णता लागते तेवढी मिळत नाही. खास प्रेशर कॅनरच हवा. कच्चे तुकडे भरताना पाणी घालायचं नाही, वर इंचभर जागा सोडायची. दहा मिनिटं वाफ जाऊ दे, मग वजन ठेव. वजनाच्या कॅनरला दहा पौंड दाब, काट्याच्याला अकरा. पाइंटची (साधारण अर्ध्या लिटरची) बरणी 75 मिनिटं, क्वार्टची (साधारण लिटरची) 90. फेअरबँक्स सखल आहे म्हणून हे आकडे. हजार फुटांच्या वर कुणाकडे भरलंस तर वजनाच्या कॅनरला पंधरा पौंड लागतील. दाब आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

कप्प्या आणि तीस मीटर दोर गॅरेजमधल्या निळ्या खोक्यात आहेत. विंचला ग्रीस लावून घे.

तुझे
बाबा