ताई, आमचा कर्नेल बूट झाला! तुझे जाहीर आभार

ताई, नाव लिहू नकोस असं तू बजावलंयस म्हणून नुसतं ताईच लिहितोय, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत. आमचा मायक्रोकर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुद्दाम छोटा ठेवलेला गाभा) काल रात्री शेल प्रॉम्प्टपर्यंत, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीपर्यंत पोचला आणि तो तुझ्यामुळे पोचला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फायनल इयरला आमचा ग्रुप ३२ बिट एक्स८६ वर (साध्या पीसीतला इंटेल घराण्यातला प्रोसेसर) एक छोटा मायक्रोकर्नेल लिहितोय. कर्नेलच्या आत फक्त शेड्युलिंग (सीपीयू कधी कोणाला द्यायचा), मेमरी मॅपिंग (कुठला पत्ता मेमरीत कुठे जातो) आणि मेसेजची देवाणघेवाण, बाकी फाइल सिस्टिम, ड्रायव्हर, अगदी स्क्रीनवर अक्षरं दाखवणारा कन्सोलसुद्धा बाहेर वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. खरी गोची इथेच आहे, कारण कन्सोलचा सर्व्हर उठायच्या आधीच काही मेलं तर स्क्रीनवर सांगणार कोण? नुसती काळी खिडकी. आम्ही बऱ्याच जणांना विचारलं, बहुतेकांनी सांगितलं की हा नाद सोडा, लिनक्सचं एखादं मॉड्यूल लिहून टाका, मार्क तेवढेच पडतात. तू मात्र पहिलाच प्रश्न विचारलास, "रिबूट होतंय का अडकतंय?" आम्ही तोपर्यंत दोन्हीला 'चालत नाही' एवढंच म्हणत होतो.

मग ठाण्याहून फास्ट लोकलने येताना तू जो लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलास तो अजून जपून ठेवलाय. त्यात तू सांगितलंस की आधी सीरियल पोर्टवर (केबलने एकेक अक्षर बाहेर पाठवायचा जुना पोर्ट) बोलायला लावा, कॉम-१ चा पत्ता म्हणजे हेक्समधला ३एफ८, त्याचा स्टेटस ३एफडी वर, तिथला २० चा बिट लागला की एक अक्षर टाकायचं, ड्रायव्हर नको, इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मध्येच मारलेली हाक) नको, काही नको. बूटच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक अक्षर. त्या दिवशी टर्मिनलवर एबीसीडीई उमटलं आणि ई नंतर परत ए पासून सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे अडकत नाहीये, दर वेळी मरून परत बूट होतंय, आणि मरतंय ते इंटरप्ट चालू केल्या केल्या.

पुढचं तू शनिवारी आमच्याबरोबर बसून दाखवलंस ते मला सगळ्यात जास्त आवडलं. क्यूईएमयूला (सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन) केव्हीएम (कोड थेट खऱ्या सीपीयूवर चालवायची सोय) बंद करून इंटरप्टचा लॉग चालू केला, नो-रीबूट लावलं, म्हणजे रिसेट होऊन पुरावा पुसला जाणार नाही. लॉगमध्ये आधी २०, मग ०ई, मग ०८ आणि खाली ट्रिपल फॉल्ट. म्हणजे टायमरचा इंटरप्ट आला, तो हाताळायला जाताना पेज फॉल्ट (मॅप न केलेल्या पत्त्याला हात लावला), पेज फॉल्ट हाताळायला जाताना परत पेज फॉल्ट म्हणून डबल फॉल्ट, तोही हाताळता आला नाही आणि सीपीयूने हात टेकले. आम्ही सगळे पेज फॉल्टचा हँडलर चाळत बसलो होतो आणि तू नुसतं बोट ठेवलंस, सीआर२ मध्ये, म्हणजे फॉल्ट झालेला पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, ००१०४००८ आणि वरच्या ओळीत जीडीटीचा (मेमरीच्या सेगमेंटची यादी) पत्ता ००१०४०००. बरोब्बर आठ बाइट पुढे, म्हणजे कोड सेगमेंटची एंट्री! पेजिंग चालू करून कर्नेल वर, हेक्समध्ये सी पासून सुरू होणाऱ्या मोठ्या पत्त्यांवर गेला होता, खालचं मॅपिंग काढून टाकलेलं होतं, पण जीडीटीचा रजिस्टर अजून खालचाच पत्ता धरून बसला होता आणि कुठलाही इंटरप्ट आला की सीपीयूला ती एंट्री वाचावीच लागते. मॅपिंग काढायच्या आधी नवीन पत्त्याने जीडीटी परत लोड केला आणि त्या जागी मरणं थांबलं.

मग अडकायला लागलं. इथे तू फोनवरूनच विचारलंस, रजिस्टर बघा, इंटरप्ट चालू आहेत का. ई-फ्लॅग्जमध्ये २०० चा बिट लागलेला (म्हणजे इंटरप्ट चालू), एचएलटी १ (म्हणजे सीपीयू काम नसल्याने थांबलेला), टायमरचा आकडा वाढतोय. तू म्हणालीस, "मशीन ठणठणीत आहे, कोणाला कामच नाहीये, कोण कोणासाठी थांबलंय त्याची यादी छापा." छापली. प्रोसेस सर्व्हर फाइल सर्व्हरला मेसेज देऊन थांबलेला, फाइल सर्व्हर मेमरी सर्व्हरला, आणि मेमरी सर्व्हर परत प्रोसेस सर्व्हरला. मेसेज सिंक्रोनस, समोरचा घेईपर्यंत पाठवणारा हलत नाही, म्हणजे तिघंही कायमचे बसले. मिनिक्स ३ या मायक्रोकर्नेलवाल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल अशी साखळी पाठवतानाच ओळखतो आणि ईलॉक्ड एरर देतो हे तू सांगितलंस, मग आम्हीही तशी तपासणी घातली, आणि सर्व्हरची उतरंड लावून खालच्याने वरच्याला फक्त न थांबणारी नोटिफिकेशन द्यायची असा नियम केला. मला विचाराल तर मायक्रोकर्नेल शिकायचा तर याचसाठी शिकावा, कोणी कोणाची वाट बघायची हे आधीच ठरवावं लागतं.

लॅबमधल्या जुन्या मशीनवर परत वेगळंच अडकलं, तेव्हा तू ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नल मोडेमची केबल (दोन मशीनचे सीरियल पोर्ट जोडणारी) आणलीस, भर पावसात, ऑफिस सुटल्यावर, आणि पैसे घेतले नाहीस. क्यूईएमयूमध्ये रॅम सुरुवातीला शून्यच मिळते, खऱ्या मशीनमध्ये त्यात वाट्टेल ते असतं, आणि आमचा लोडर सर्व्हरचा बीएसएस भाग (सुरुवातीला शून्य असायला हव्या अशा व्हेरिएबल्सची जागा) शून्य करत नव्हता. ते दोन ओळींत मिटलं, पण केबल नसती तर काय दिसणार होतं?

ताई, तुला स्वतःचं ऑफिस, घर, रोजचा लोकलचा प्रवास, आणि आम्ही तुझे ना विद्यार्थी ना ज्युनियर, फक्त खालच्या मजल्यावरची मुलं. तरी एकदाही 'नंतर बघू' म्हणाली नाहीस. कीबोर्ड आमच्याच हातात ठेवलास, आणि आमच्यातल्या सगळ्यात गप्प मुलीला तू लॉग मोठ्याने वाचायला लावलास, तीच आता ग्रुपमधले सगळे फॉल्ट शोधते. तुझे खूप खूप आभार.

पुढच्या आठवड्यात डेमो आहे, तारीख कळली की सांगतो, तू यायचंच. केबल सध्या लॅबमध्ये आहे, डेमो झाला की घरी आणून देतो. आणि आई म्हणतेय की यंदा गणपतीला सगळ्यांना घेऊन जेवायलाच या, नुसतं दर्शन घेऊन पळायचं नाही.