गॅसचं बिल आणि आईची आंघोळ

ती. आई-बाबा,
सा. न.

गॅसचं बिल आता माझ्या खात्यातून परस्पर भरलं जाईल, तशी नोंद मी करून टाकली आहे. बाबा, रागावू नका. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे, शेवटच्या तारखेपायी गुडघे धरून जिने उतरायला नकोत म्हणून. शिवाय तुमचं कपाट, तुमची फाइल, काही हलवलेलं नाही. हिशेब तुमच्याकडेच. परस्पर भरलं जाणारं बिल कुणी वाचत नाही, आणि चुका तिथेच मुरतात.

आई, बिल वाढलं म्हणून तू कोमट पाण्यावर भागवतेस ना? ते आजपासून बंद. मागचं बिल २९ घनमीटरचं, हे ३२ चं. पण मागचं ५८ दिवसांचं होतं, हे ६४ दिवसांचं. भागून बघ, दोन्हीकडे रोजचा अर्धाच घनमीटर. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला गीझरला जेमतेम ०.०७ घनमीटर लागतो. दोघांच्या दोन महिन्यांच्या आंघोळी मिळून आठेक घनमीटर. त्यात काय वाचवायचं गं!

बाबा, रीडिंगचे फक्त काळे आकडे धरायचे. लाल आकडे दशांश चिन्हानंतरचे. आताच्या रीडिंगमधून मागचं वजा केलं की वापर निघतो. रीडिंगपुढे ‘अंदाजे’ असेल तर मीटर कुणी पाहिलेलाच नाही. अंदाज कमी धरला गेला, तर खऱ्या रीडिंगच्या वेळी सगळी थकबाकी एकदम अंगावर येते. टप्प्यांचे दर असतील, म्हणजे वापर वाढला की दरही चढत असेल, तर तो थकलेला वापर सगळ्या दिवसांवर वाटला आहे का, तेही पाहा. एकाच बिलात धरला तर विनाकारण वरचा दर लागतो. स्थिर आकार मात्र तुम्ही इकडे येऊन राहिलात तरी पडणारच, त्यावर भांडू नका.

बिल किलोवॅट-तासात असेल तर घनमीटरला उष्मांकाने (एक घनमीटर गॅस जळून मिळणारी उष्णता, मेगाज्यूलमध्ये) गुणून ३.६ ने भागायचं: २९ × ३८ ÷ ३.६, म्हणजे सुमारे ३०६. उष्मांक बिलावरचाच घ्या, तो बदलतो. तापमान-दाबाच्या दुरुस्तीचा गुणक छापला असेल तर त्यानेही गुणा. पाढे घोकून घेताना मला मांडीवर बसवायचात, तेवढ्याच शांतपणे करा, घाई नाही.

रोजचा वापर खरंच वाढला तर शेगडी, गीझर, पायलटची (सतत तेवणारी छोटी) ज्योत असेल तर तीही बंद करून लाल आकडे लिहून ठेवा. अर्ध्या तासात ते सरकले तर कुठेतरी गळती आहे. मुख्य झडप बंद करून तक्रार करा. पण वास आला तर हे प्रयोग अजिबात नकोत! खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका, झडप बंद करून बाहेर पडा आणि तिथून फोन करा. आधी आईला बाहेर काढा. ती दूध उतरवत बसेल.

तुमची,
ताई

ता. क. मीटरचा फोटो काढताना त्याचा क्रमांकही येऊ द्या, आणि तो बिलावरच्या क्रमांकाशी एकदा ताडून बघा.