कडाक्याच्या थंडीत हीट पंप चालत नाही, हा गैरसमज

मा. संपादक,

स.न.वि.वि.

बाहेर उणे दहा डिग्री असताना हीट पंपाला, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर ओढून घर गरम करणाऱ्या यंत्राला, उष्णता मिळणार कुठून, हा प्रश्न चांगली शिकलेली माणसंही विचारतात आणि विषय तिथेच संपवतात, म्हणून लिहितोय. मी इंग्लंडमध्ये राहतो, घर हीट पंपावरच गरम होतं.

उणे दहाची हवा आपल्याला गार लागते पण उष्णता तिच्यातही असतेच, ती घ्यायला तिच्याहून थंड काहीतरी पाहिजे एवढंच. बऱ्याच नव्या पंपांत प्रोपेन वायू असतो, तो साध्या दाबाला उणे 42 डिग्रीलाच उकळतो, त्यामुळे बाहेरच्या कॉइलमध्ये त्या गार हवेनेही त्याची वाफ होते, मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते, घरातल्या रेडिएटरच्या (गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या पॅनेलच्या) पाण्याला उष्णता देऊन परत द्रव होते, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये दाब उतरला की पुन्हा थंडगार. म्हणजे आपला एसीच, उलटा चालवलेला. वीज मुख्यतः कॉम्प्रेसरला लागते, म्हणून 1 युनिट विजेत साधारण 3 युनिट उष्णता घरात येते, साध्या हीटरमधून 1 च. कडक थंडीत हा आकडा उतरतो, कॉइलवरचा बर्फ वितळवायलाही वीज जाते, हे खरंय, पण तरीही हीटरपेक्षा कितीतरी बरं.

आणि हे काही कालचं नाही. झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये 1938 साली लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला होता. स्टॉकहोममध्ये 1980 च्या दशकापासून समुद्राच्या पाण्यावर मोठमोठे पंप चालतात. नॉर्वेत तर निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहे, आणि तिथली थंडी काय असते ते सगळ्यांना माहितीये.

इंग्लंडमध्ये लोक वैतागतात त्याचं कारण वेगळंच आहे. गॅसवर पाणी तापवणारा बॉयलर रेडिएटरला पाणी 60-70 डिग्रीला पाठवतो, हीट पंप 35 ते 50 ला खुश असतो, त्यासाठी रेडिएटर मोठे लागतात आणि घरातून उष्णता किती निसटते ते खोलीवार मोजावं लागतं. ते नीट केलं नाही की पाणी जास्त तापवावं लागतं आणि बिल फुगतं, कारण इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग, आणि दोष मात्र पंपाला.

हीट पंप बसवायला सरकार इथे 7500 पौंड देतं म्हणून इकडचे बरेच मराठी लोक आता बॉयलर बदलायच्या विचारात असतील. त्यांनी कोटेशन आलं की आधी विचारावं, रेडिएटरचं पाणी किती डिग्रीला धरलंय, आणि 55 च्या वर सांगितलं तर मोठे रेडिएटर धरून हिशोब पुन्हा करायला लावावा.

आपला,
एक वाचक, इंग्लंड