बदलीची आवई

शहादा,
जुलै २०२३

चि. भाऊ यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तुझा आवाज चढला होता. आफ्रिकेतल्या सेनेगलचा फुटबॉलपटू सादियो माने सौदीला चालला म्हणे, रोनाल्डो गेला त्याच अल-नस्र क्लबमध्ये, आणि तू खोलीतलं त्याचं पोस्टर काढून गुंडाळून ठेवलंस. "आई, हासुद्धा पैशालाच भुलला." हे वाक्य रात्रभर माझ्या कानात राहिलं. फोनवर मला चटकन बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. आज सकाळपासून झड लागली आहे, लाइट नाही, म्हणून दारात पाट घेऊन लिहायला बसले.

अजून सही झालेली नाही, हे तूच सांगितलंस. पण तुमच्या होस्टेलवर सगळे धरूनच चालले आहेत. बेटा, या आवईचं वजन मला माहीत आहे. तुमच्यात त्याला ट्रान्सफर म्हणतात, आमच्या आरोग्य खात्यात बदली. दरवर्षी मे महिना लागला की तालुक्याच्या मीटिंगला दुसरा विषय नसायचा. कोणाचं नाव यादीत आहे, कोणी विनंती अर्ज टाकला, कोणाला सोयीचं उपकेंद्र मिळालं. तू दुसरीत होतास त्या वर्षी माझं नाव आहे अशी आवई उठली. मी कोणाला काही बोलले नव्हते, मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी आठवडे बाजारातून ती वर पाड्यापर्यंत पोहोचली.

त्या पाड्यावर एक पोर आठव्या महिन्यात होती. पहिलटकरीण, अंगात रक्त कमी. मी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या आणि घरच्यांना बजावलं होतं की हिला कळा सुरू झाल्या की आधी मला निरोप पाठवा. तिच्या सासूनं मला वाटेत गाठून विचारलं, "बाई, तुम्ही जाताय म्हणे?" मी म्हटलं, माझ्या हातात कागद नाही. तिला ते उत्तर पुरलं नाही. पुरणार कसं? बाई जाणार असेल तर सुनेला आपल्या ओळखीच्या दाईकडे माहेरी नेलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. दोन डोंगर पलीकडे माहेर. पाऊस सुरू झालेला. नाल्याच्या काठी ती मोकळी झाली. बांबूला झोळी बांधून माणसांनी तिला खाली आणलं, तोवर रात्र झाली होती. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

जून संपता संपता यादी लागली. माझं नाव त्यात नव्हतंच.

हे तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. दोष मी कोणाला देत नाही. पण तेव्हापासून एखाद्याच्या जाण्या-येण्याची खबर कोणी चघळू लागलं की मी तिथून उठते. मागच्या वर्षीचं आठव. तूच मला दाखवलं होतंस. मानेला कोणीतरी विचारलं, इंग्लंडचा लिव्हरपूल क्लब सोडणार का? तो म्हणाला, सेनेगलचे साठ-सत्तर टक्के लोक सोड म्हणतात ना, मग त्यांचंच ऐकतो. मागाहून त्यानं सांगितलं की ती चेष्टा होती, पण तोवर ती जगभर फिरून आली होती. थोड्याच दिवसांत, २२ जूनला, त्यानं जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबची सही केली. त्या वेळी तू दोन दिवस नीट जेवला नाहीस.

आता त्याच्या बदल्या मोज. गावाहून पोरवयात घरच्यांना न सांगता राजधानीत, डाकारला पळाला. तिथल्या अकादमीत चाचणीला गेला तेव्हा पायात फाटके बूट होते. २०११ ला फ्रान्समध्ये मेत्झ, २०१२ ला ऑस्ट्रियात साल्झबर्ग, २०१४ ला साउदॅम्प्टन, २०१६ ला लिव्हरपूल, २०२२ ला म्युनिक. यातल्या एकाही बदलीनं त्याचं गाव सुटलं नाही. बांबाली, सेनेगलच्या दक्षिणेला, सेदिऊजवळ. नकाशावर ते मी मोबाइलवर बोटांनी मोठं करून पाहिलं. नदी, झाडी, आणि मधे विरळ घरं. मला आपला धडगावचा रस्ता आठवला.

तो ७ वर्षांचा असताना त्याचे वडील आजारी पडले. गावात दवाखाना नव्हता. झाडपाल्यावर काही दिवस निघाले, मग तेही लागू पडेना, आणि दुसऱ्या गावी नेलेला बाप परत आला नाही. त्याची बहीण घरीच जन्मली, कारण न्यायला जागाच नव्हती. हे त्यानं स्वतः सांगितलं आहे. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा पोरगा फुटबॉल खेळत नसता तरी मला ओळखीचा वाटला असता. अशी किती पोरं माझ्या उपकेंद्राच्या पायरीवर बसून गेली.

आणि मग त्यानं काय बांधलं? आधी शाळा. मग २०२१ मध्ये हॉस्पिटल, सुमारे ५ लाख पौंड घालून, आपल्या हिशेबानं ५ कोटींच्या आसपास. त्यात बाळंतपणाचा विभाग आहे. आजूबाजूच्या ३४ गावांना ते उपयोगी पडावं असा बेत. तू मला आकडा सांगून थांबलास. मी मात्र पुढचं शोधून वाचलं, कारण तिथंच माझा जीव अडकला होता. इमारत कोण बांधतो यापेक्षा सकाळी कुलूप कोण उघडतो, हे मी आधी विचारते. माने त्यासाठी आपल्या राष्ट्राध्यक्षांना, माकी साल यांना, जाऊन भेटला. सरकारनं डॉक्टर-नर्स द्यावेत, या कामात साथ द्यावी, म्हणून. भाऊ, त्याच्या सगळ्या गोलांपेक्षा मला ही भेट मोठी वाटते. ज्याला हे सुचलं, त्यानं दवाखाना नुसता लांबून पाहिलेला नाही.

आपल्याकडे डोंगरी आदिवासी भागात ३००० माणसांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा नियम आहे. कागदावर तो चांगलाच आहे. पण मी अशी इमारत पाहिली आहे, जिची फीत कापली, पेढे वाटले, आणि पुढं सात महिने तिथं कायमचा डॉक्टर आला नाही. प्रसूतीचं टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलंच राहिलं. लसींच्या फ्रिजला लागणारी वीज दिवसातून चार-पाच तास. मी आणि आशाताई बर्फाचे पॅक खालच्या गावातून आणायचो, लसीचा डबा खांद्याला लावून नाले ओलांडायचो. लस गरम झाली की नुसतं पाणी, आणि त्या पाण्याची सुई लेकराला टोचायची, याच्याइतकं पाप नाही. म्हणून हॉस्पिटल म्हटलं की मला आधी फ्रिज दिसतो, मग भिंती दिसतात.

तुझा राग मला कळतो. मोठा पैसा पाहिला की माणूस बदलतो, असं वाटतं. तो देवमाणूस आहे असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीकडून हरल्यावर त्याचं संघातल्याच लेरॉय सानेशी भांडण विकोपाला गेलं, क्लबनं त्याला पुढच्या सामन्यातून वगळलं, दंड केला. ते चुकलंच. आणि सौदीला गेला तर तो पैसा पाहूनही जाईल, त्यात मला नवल नाही. तो ३१ वर्षांचा आहे, खेळाडूचे पाय किती दिवस साथ देतात? पण ज्या पगाराला तू नावं ठेवतोस, तसल्याच पगारातून बांबालीत बाळंतपणाची खोली उभी राहिली. तो कुठल्या क्लबात गेला यावर मी त्याला तोलणार नाही. त्या दवाखान्यात दहा वर्षांनी औषध मिळतं का, यावर तोलीन. ते पाहायला अजून वेळ आहे, मला आणि तुलाही.

गेल्या ऑक्टोबरात पॅरिसला त्याला सॉक्रेटिस पुरस्कार मिळाला, समाजकामासाठी, तो पहिलाच मानकरी. ज्याच्या नावाचा पुरस्कार, तो ब्राझीलचा सॉक्रेटिस खेळाडू होता आणि शिकलेला डॉक्टरही होता, हे तुला माहीत होतं का? मला वाचून फार आनंद झाला. दोन्ही एका माणसात असू शकतं.

तू परवा म्हणालास, नोकरी लागली की गावाकडे हॉस्पिटल बांधीन. मी फोनवर गप्प राहिले, ते तुला लागलं असेल. मला तुझं बोलणं आवडलं म्हणूनच गप्प राहिले. आता सांगते. सुट्टीत आलास की मी तुला माझ्या जुन्या उपकेंद्रावर नेईन. तिथली नवी सिस्टर चांगली पोर आहे, एकटी राहते. तिला काय कमी पडतं ते तू तिच्या तोंडून ऐक आणि लिहून घे. रात्री केस आली तर उजेडाचं काय करते, गाडी किती वेळात येते, पावसात कुठला नाला अडतो. तू इंजिनिअरिंगला आहेस, सोलरचं तुला कळतं. फ्रिज आणि प्रसूतीच्या खोलीतला एक दिवा चालायला किती पॅनेल लागतात, बॅटरी किती वर्षं टिकते, बिघडली तर इथं कोण दुरुस्त करेल, एवढा हिशेब माझ्यासाठी करून आण. पेन्शनीतून मी थोडे बाजूला ठेवले आहेत.

धोंड्याचा महिना लागलाय. ताई आणि जावई येऊन गेले, ३३ अनारसे दिव्यासकट दिले. तुझ्यासाठी वेगळे तळून ठेवलेत, शुक्रवारी मामा पुण्याच्या गाडीला निघतील त्यांच्याबरोबर डबा पाठवते. गाडी सकाळी पोहोचेल, घ्यायला जा. तुझा जुना बॉल माळ्यावर सापडला. सायकलवाल्याकडून हवा भरून आणली आणि गल्लीतल्या पोरांना दिला, चिखलात दुपारभर खेळत होती.

पोस्टर फाडलं नाहीस ना? गुंडाळीवर काही जड ठेवू नकोस, घड्या पडतात.

तब्येतीले जपजो. जेवन टाइमवर करजो.

तुझी
आई