सेन्सर मोठा, तरी पक्षी तेवढाच!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा घेऊ पाहणाऱ्याला ‘फुल फ्रेमच घ्या, मोठ्या सेन्सरशिवाय दर्जा नाही’ असे दुकानदारापासून जाणकार मित्रापर्यंत सगळेच सांगतात (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा आणि फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा). हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी नवशिक्यांचा बराच पैसा नको तिथे खर्च होतो, म्हणून हे पत्र.

पावसाळ्यात विणीसाठी कोकणात येणाऱ्या तिबोटी खंड्याचेच पाहा. जेमतेम 13 सेंटीमीटरचा हा पक्षी 13 मीटरवरच्या फांदीवर बसला असेल, तर 500 मिमी फोकल लेंथच्या (ती जितकी जास्त, तितकी प्रतिमा मोठी) लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर 5 मिमी लांबीचीच उमटते, मग तो सेन्सर 36 बाय 24 मिमीचा फुल फ्रेम असो वा साधारण 23.5 बाय 15.6 मिमीचा ‘क्रॉप’, म्हणजे त्याहून लहान सेन्सर. मोठ्या सेन्सरच्या जादा जागेवर येतात ती फक्त पाने आणि फांद्या, आणि ती आपण घरी आल्यावर कापूनच टाकतो. निकॉनच्या डी 850 (फुल फ्रेम) आणि डी 500 (क्रॉप) या कॅमेऱ्यांचे पिक्सेल जवळपास एकाच मापाचे असल्याने हा खंड्या दोन्हींत साडेअकराशे ते बाराशे पिक्सेल लांबीचा मिळतो आणि त्याच्या पिसांवरचा नॉइजही (चित्रातले रवाळ ठिपके) फारसा वेगळा नसतो. क्रॉप सेन्सर ‘पक्षी दीडपट जवळ आणतो’ हा समजही त्यामुळेच पोकळ ठरतो.

फुल फ्रेमचा लाभ होतो तो पक्ष्याने चौकट भरली तर. भिगवणला होडीतून चित्रबलाक पुरेसा जवळ मिळाला, तर त्याच एफ आकड्याच्या अॅपर्चरला (लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राला) आणि त्याच शटर स्पीडला फुल फ्रेमवर क्रॉपच्या सव्वादोन पटींहून अधिक प्रकाश जमा होतो आणि ढगाळ सकाळी तो फरक डोळ्यांना दिसतो. छोट्या, लाजऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत अशी संधी क्वचितच येते. घरट्याजवळ सरकून ती साधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्यांना उपद्रव देणेही शिकारीच्या व्याख्येत बसवले आहे.

दूरच्या पक्ष्याकडून कॅमेऱ्यात किती प्रकाश शिरतो, हे सेन्सर नव्हे तर अॅपर्चरच्या छिद्राचा व्यास ठरवतो. 500 मिमी एफ 5.6 लेन्सचा हा व्यास (500 भागिले 5.6) सुमारे 89 मिमी असतो. ज्या ब्रिज कॅमेऱ्यांना (लेन्स न बदलता येणाऱ्या, मोठ्या झूमच्या) हौशी मंडळी नाके मुरडतात, त्यांतला निकॉनचा पी 1000 घेतला, तर त्याची ‘3000 मिमी’ ही फुल फ्रेमच्या हिशेबाने सांगितलेली फोकल लेंथ प्रत्यक्षात 539 मिमी असून तिथे अॅपर्चर एफ 8, म्हणजे व्यास सुमारे 67 मिमी. त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्शाएवढा असला, तरी एकाच अंतरावरच्या खंड्याकडून मिळणाऱ्या प्रकाशात दुपटीचाही फरक पडत नाही. पूर्ण आकारात पाहिल्यावर पी 1000 चे चित्र चिखलासारखे दिसते, कारण एफ 8 ला प्रकाशाचा एकेक ठिपकाच त्याच्या कित्येक पिक्सेलवर पसरतो. पण आकार कमी करून दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की तफावत बरीच ओसरते. उडत्या पक्ष्यावर फोकस धरताना मात्र तो मागे पडतो, यात वाद नाही. तरीही पक्ष्याची ओळख पटवण्यापुरते चित्र हवे असेल, तर त्यासाठी कर्ज काढून फुल फ्रेम घेण्याची गरज नाही. आणि पैसे असतीलच तर ते आधी मोठ्या तोंडाच्या लेन्सवर घालावेत.

आपणास विनंती एवढीच की, कॅमेऱ्यांचे परिचय छापताना ‘इतके एक्स झूम’ आणि मेगापिक्सेल यांच्यासोबत सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, लेन्सची खरी फोकल लेंथ आणि त्या टोकाला मिळणारे अॅपर्चर हेही द्यावे. ‘1 इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिमीचा असतो, हे जाहिरातीवरून कुणाच्याही लक्षात येणार नाही.

— एक पक्षीनिरीक्षक वाचक, चिपळूण