उत्तर उद्याच्या अंकात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका बुधवारी आपल्या अंकात सुडोकूचं उत्तर छापायचं राहून गेलं आणि गुरुवारी तुम्ही चौकट टाकून दिलगिरी व्यक्त केलीत. माझी नात सातवीत आहे. चौकट वाचून ती म्हणाली, "आबा, पेपरवाल्यांनाच उत्तर आलं नसेल तर?" आणि स्वतःच हसली. गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नाहीतर उद्याच्या अंकात असतंच, अशी तिची खात्री आहे. त्या खात्रीपायीच हे पत्र. सुडोकूशेजारी आठवड्यातून एकदा असं कोडं छापा, ज्याचं उत्तर जगात अजून कोणालाच आलेलं नाही. दिलगिरी छापावी लागणार नाही.

मी गणिताचा माणूस नव्हे. कृषी संशोधन केंद्रावर सहायक म्हणून माझी नोकरी झाली, बहुतेक सगळी कपाशीच्या चाचण्यांत. पाच वाणांची तुलना करायची असेल तर ते शेजारी शेजारी पेरून भागत नाही. जमिनीचा कस उताराकडे एक असतो, नाल्याच्या बाजूला दुसरा. म्हणून सुतळी आणि खुंट्या घेऊन पंचवीस प्लॉट पाडायचे आणि प्रत्येक आडव्या व प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच येईल असा बेत करायचा. याला लॅटिन चौरस म्हणतात. तुमचा सुडोकूही नऊचा लॅटिन चौरसच, फक्त छोट्या खणांची एक जास्तीची अट.

पहिल्याच हंगामात माझ्या हातून घोटाळा झाला. उगवण झाल्यावर पाट्या तपासताना लक्षात आलं की चौथ्या उभ्या ओळीत 'क' वाण दोनदा आणि 'घ' गायब. पऱ्हाटी वीतभर झालेली, आता उपटणार काय? साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाचाचे लॅटिन चौरस एक लाख एकसष्ट हजार दोनशे ऐंशी आहेत. तुम्हाला त्यातला एकही सापडला नाही?" तो आकडा मला अजून पाठ आहे : १,६१,२८०.

याच साहेबांनी पुढची गोष्ट सांगितली. वाणांच्या जोडीला खताच्या पाच मात्रा घ्या. त्याही प्रत्येक ओळीत एकदाच याव्यात, आणि प्रत्येक वाणाला प्रत्येक मात्रा बरोबर एकदाच मिळावी. पाचाला हे जमतं. सहा वाण आणि सहा मात्रा घेतल्या की जमत नाही, कितीही डोकं लढवा. ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ साली हाच प्रश्न सहा पलटणींच्या सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांवर मांडला होता. त्याला ते अशक्य वाटलं, आणि १०, १४, १८ अशा सगळ्या संख्यांनाही अशक्य असणार, असा अंदाज त्याने केला. सहाचं अशक्यपण १९०० च्या सुमारास गास्तों तारी यांनी एकेक शक्यता हाताने तपासून दाखवलं. हे गृहस्थ अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते. सरकारी नोकराने फावल्या वेळात काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दहाचं मात्र ऑयलर चुकला, आणि त्याची चूक दाखवणाऱ्या तिघांत आपल्या नागपुरात शिकलेले आणि नागपुरातच अध्यापन केलेले गणितज्ञ शरच्चंद्र श्रीखंडे होते. राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी आधी २२ चा असा दुपदरी चौरस उभा केला, अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की सहाच्या पुढे अशक्य असं काही नाहीच. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. टाळेबंदीचे दिवस होते, पेपरही घरी येत नव्हता. दर २२ डिसेंबरला, गणित दिनाला, तुम्ही देवळालीच्या कापरेकर गुरुजींचा ६१७४ हा आकडा छापता, ते छानच आहे. एखाद्या वर्षी श्रीखंडेही छापा.

आता पहिलं कोडं. दहा वाण, दहा मात्रा, आणि तिसरा थर म्हणून फवारणीच्या दहा तारखा. तिन्ही थर लॅटिन चौरस हवेत आणि कोणत्याही दोन थरांतली प्रत्येक जोडी एकदाच यायला हवी. असे तीन थर आजवर कोणाला सापडलेले नाहीत, आणि ते नाहीतच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. नऊ थर एकदम जमत नाहीत, एवढं १९८९ साली क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी अवाढव्य संगणकी शोध घेऊन दाखवलं. तीन म्हणजे किती कमी! दोन वह्या मीही भरल्या आहेत. घरच्यांना वाटतं, मी हिशेब लिहितो.

दुसरं कोडं तर तुमच्याच पानातून निघतं. कालचा सोडवलेला सुडोकू घ्यायचा आणि लाल पेन्सिलने त्यातली नऊ घरं रंगवायची : प्रत्येक आडव्या ओळीतलं एक, प्रत्येक उभ्या ओळीतलं एक, आणि १ ते ९ हे अंकही एकेकदाच. याला ट्रान्सव्हर्सल म्हणतात, आमच्या घरी 'लाल नऊ'. हर्बर्ट रायसर यांनी १९६७ साली म्हटलं की चौरस विषम संख्येचा असेल तर अशी घरं निघतातच. नऊपर्यंत ते संगणकाने तपासून झालं आहे. सगळ्याच विषम संख्यांसाठी सिद्धता कोणाकडे नाही. २०२३ मध्ये रिचर्ड माँटगोमेरी यांनी दाखवलं की चौरस पुरेसा मोठा असेल तर पुऱ्या संख्येला एक कमी इतकी घरं हमखास मिळतात. तेवढं एकच घर अडून बसलंय.

विषमच का, हे नातीला मी अंथरुणावर बसल्या बसल्या समजावलं. चाराचा चौरस घे : पहिली ओळ ०१२३, मग १२३०, २३०१, ३०१२. म्हणजे ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक शून्यापासून मोजून मिळवायचा, बेरीज चार किंवा जास्त झाली की चार टाकून द्यायचे. लाल चार घरं निघाली असती तर ओळींच्या क्रमांकांची बेरीज ६, स्तंभांची ६, मिळून १२, चारने भागून बाकी शून्य. पण त्या घरांतल्या ०, १, २, ३ ची बेरीज ६, बाकी दोन. जमणार कसं? ती गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे आपण न शोधताच सांगितलं, की नाहीये!" बत्तीस वर्षांत कोणत्याही प्लॉटवर मला एवढा आनंद झाला नव्हता.

आता १२३४, २१४३, ३४१२, ४३२१ हा चौरस पाहा. यात लाल चार निघतात. हे दोन्ही चौरस म्हणजे चार सदस्यांच्या दोन वेगवेगळ्या गटांची कोष्टकं (गट म्हणजे ठरावीक नियमांनी आपसात मिळवता येणारे सदस्य), आणि इथे ग्रुप थिअरी, म्हणजे गटांचं गणित, सुरू होते. कोणत्या गटाच्या कोष्टकात लाल घरं मिळतील आणि कोणत्या नाही, याचा अंदाज हॉल आणि पेज या गणितज्ञांनी १९५५ साली केला होता. तो सिद्ध व्हायला २००९ उजाडलं, तेही सगळ्या सान्त साध्या गटांची, म्हणजे मोजता येतील एवढे सदस्य असलेल्या आणि आणखी तुकडे न पडणाऱ्या गटांची, यादी तयार होती म्हणून. शेवटी त्या यादीतला एकच गट, जाँको नावाचा, अडून राहिला होता.

एक सूचना. बक्षीस ठेवू नका, नाहीतर माझ्यासारख्यांच्या वह्यांचे गठ्ठे तुमच्या कार्यालयात येऊन पडतील. आणि कोड्याखाली 'उत्तर उद्याच्या अंकात' ही ओळ सवयीने छापली जाणार नाही, एवढं पाहा.

ता. क. कालच्या सुडोकूतले लाल नऊ आम्हा दोघांना रात्री साडेदहापर्यंत सापडले नाहीत. सात झाले, आठवं बसेना. आहेत हे नक्की, म्हणून नात सकाळी शाळेत तो तुकडा घेऊन गेली आहे.

आपला,
एक जुना वाचक, अकोला