सात जीव, तीन वर्षे

महोदय,

भरधाव गाडीखाली माणसे मेली की खटला अडतो तो कलमावर. निव्वळ हयगय, की सदोष मनुष्यवध? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली चिरडले गेले. सत्र न्यायालयाने दंड संहितेच्या ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, या कलमाखाली सहा महिने कैद दिली. उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावून ती तीन वर्षे केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि ही शिक्षा फारच कमी असल्याचेही नोंदवले. पण ती वाढवून मागणारे अपील राज्य सरकारने केलेच नव्हते! मला संताप येतो तो याचा. त्या मजुरांच्या बाजूने बोलायला सरकारी पक्षाखेरीज होते कोण?

दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोनावरून पाच वर्षांवर गेली. मात्र अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे १०६(२) हे उपकलम मालवाहतूकदारांच्या आंदोलनानंतर १ जुलै २०२४ ला संहितेसोबत लागू झालेच नाही. अशा खटल्यात तुटपुंजी शिक्षा झाली आणि ती वाढवण्यासाठी अपील केले नाही, तर त्याची कारणे सरकारने मृतांच्या वारसांना लेखी कळवावीत.

— एक वाचक, मुंबई